डेलावेअर: दहा लाख माणसं, तीन जिल्हे आणि मधला कालवा

कालव्यालगत (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. उन्हाळ्यात मामा आले होते कुडाळहून, पहिल्यांदाच अमेरिकेत. विमानतळावरून घरी येताना गाडीत विचारलं, "तुमची लोकसंख्या किती रे?" मी म्हटलं दहा लाखांच्या थोडी वर. तर म्हणाले, "गावाची नाही, राज्याची विचारतोय."

मामा, राज्याचीच सांगतोय.

मग ते दोन मिनिटं गप्प. आणि मग जो काही हसले, की मला पुढचे तीन आठवडे प्रत्येक फोनवर ऐकावं लागलं, "अगो, ह्यांचं राज्य आपल्या सिंधुदुर्गाएवढं आहे." गंमत म्हणजे ते अगदी बरोबर आहे. सिंधुदुर्ग जिल्हा ५,२०७ चौ. किमी, डेलावेअरची जमीन साधारण ५,०५० चौ. किमी (खाडीचं पाणी धरलं तर जास्त भरतं, पण पाण्यात कोण राहतं). ऱ्होड आयलंड सोडलं तर अख्ख्या देशात याच्याहून लहान राज्य नाही. जिल्हे फक्त तीन, देशात सगळ्यात कमी. उत्तरेला न्यू कॅसल, मधे केंट, खाली ससेक्स. इथले लोक स्वतःच विनोद करतात की ओहोटीला तीन जिल्हे, भरतीला दोन.

मी इथे चौदा वर्षं आहे, न्यूआर्कच्या बाजूला (जर्सीवालं नाही, आमचं वेगळं, आणि आम्ही उच्चार पण 'न्यू-आर्क' असा तोडून करतो). सुरुवातीला वाटायचं एवढंसं राज्य, एका दुपारी वरून खाली जाऊन येता येतं, सगळीकडे एकच असणार. मामांना फिरवताना मात्र लक्षात आलं की असं काही नाहीये. आमच्या बेअर-न्यूआर्ककडे निम्मी पोरं बँकेच्या आयटीत, किराणा दुकानात तेलुगू ऐकू येतं, आणि दीड तास खाली गेलं की फाटकाआड एकसारखी घरं, गोल्फच्या गाड्या आणि सगळे पांढऱ्या केसांचे. मधे राजधानी डोव्हरच्या पश्चिमेला आमिश लोकांच्या (मोटारी न वापरणारा, जुन्या वळणाचा ख्रिस्ती पंथ) घोडागाड्या, ते १९१५ पासून आहेत तिथे. मामा म्हणाले, "हे एकाच राज्यात कसं?" मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा. इथे राहणारे, राहिलेले, नुसते आकडे चिवडायची आवड असलेले, सगळे या.

रेवडीवाला

छान धागा. माझ्यासाठी डेलावेअर म्हणजे फक्त पत्ता. आमची कंपनी पुण्यात, ऑफिस बाणेरला, पैसे टाकणारे कॅलिफोर्नियात आणि रजिस्ट्रेशन डेलावेअरमध्ये. आमच्यापैकी एकानेही ते राज्य बघितलेलं नाही. तिथे माणसं पण राहतात हे आज कळलं. (हलके घ्या.)

कालव्यालगत

@रेवडीवाला, हलकेच घेतलं, कारण खरंच आहे. नोंदलेल्या कंपन्या वीस लाखांच्या वर आहेत, माणसं दहा लाख. म्हणजे माणशी दोन कंपन्या, आमच्या तान्ह्या बाळासकट. विल्मिंग्टनला (आमचं सगळ्यात मोठं शहर) १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट म्हणून एक साधी बैठी इमारत आहे, जगातल्या लाखो कंपन्यांचा पत्ता तोच. मामांना दाखवली तर म्हणाले, "यात बसतात कुठे?"

आकडेमोड

धागाकर्त्यांनी "दहा लाखांच्या थोडी वर" लिहिलंय ते ठीक, पण २०२० च्या जनगणनेत हा आकडा दहा लाखांच्या आत होता, ९,८९,९४८. दहा लाख त्यानंतर ओलांडले, आणि २०२४ चा अंदाज साडेदहा लाखांच्या आसपास आहे. १७९० ला पहिली जनगणना झाली तेव्हा ५९,०९६ होते.

पण मला यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे वाढ कुठे झाली. २०१० ते २०२० मध्ये राज्यात ९२,०१४ माणसं वाढली. त्यातली न्यू कॅसलमध्ये ३२,२४०, केंटमध्ये १९,५४१, आणि ससेक्समध्ये ४०,२३३. आता हे बघा, २०१० ला राज्यातली जेमतेम २२ टक्के माणसं ससेक्समध्ये होती, आणि वाढीतला ४४ टक्के वाटा त्या एका जिल्ह्याने उचलला. दहा वर्षांत वीस टक्के वाढ. आणि ही वाढ पाळण्यांची नाही बरं का, ससेक्समध्ये जन्मापेक्षा मृत्यू जास्त होतात. म्हणजे जी काही वाढ दिसते ती सगळी ट्रकमध्ये सामान भरून बाहेरून आलेली आहे.

म्हणून "डेलावेअरचं मध्यक वय ४१-४२" (म्हणजे निम्मी माणसं त्याहून मोठी, निम्मी लहान) हे वाक्य वाचलं की मला चीड येते. ससेक्सचं मध्यक वय पन्नाशीच्या पुढे आहे, तिथे दहातले तीन जण पासष्टीच्या वरचे, आणि न्यू कॅसल बऱ्यापैकी तरुण. दोघांना एकत्र ढवळून मधला आकडा काढायचा आणि त्याला राज्याचं वय म्हणायचं. सासू ऐंशीची, नातू दोनचा, तर घरातली सरासरी माणसं एक्केचाळीसची, असला हिशोब.

लेकुरवाळी

@आकडेमोड, सासूचं उदाहरण जबरी :))

आम्ही बेअरला आहोत, आधी पेनसिल्व्हेनियात होतो. आमच्या गल्लीत बावीस घरं, त्यात सात भारतीय (चार तेलुगू, एक गुजराती, एक तमिळ, एक आम्ही), आठ-नऊ आफ्रिकन-अमेरिकन, दोन चिनी, एक इजिप्तचे, बाकी गोरे. मुलीच्या वर्गाच्या फोटोत बघितलं तर कुणीच "जास्त" नाही. राज्याचा आकडा बघितला तर गोरे साधारण साठ टक्के, कृष्णवर्णीय बावीस टक्क्यांच्या आसपास, लॅटिनो दहाच्या थोडे वर, आणि आशियाई चार टक्के, म्हणजे सगळे मिळून चाळीस हजारांच्या वर, त्यात भारतीय सगळ्यात जास्त. पण हे चार टक्के पसरलेले नाहीयेत हो, सगळे वरच्या जिल्ह्यात गोळा झालेत, न्यूआर्क, बेअर, हॉकेसिन, मिडलटाऊन. त्यामुळे माझ्या मुलीला वाटतं जग अर्धं भारतीय आहे आणि खाली समुद्रावर गेलो की विचारते, "आई, आपले लोक कुठे गेले?"

हॉकेसिनला देऊळ आहे, महालक्ष्मीचं. २०२० मध्ये तिथे पंचवीस फुटी मारुती बसवला, तेलंगणातून एका अखंड दगडाचा घडवून आणलेला. करोना चालू, गर्दीला बंदी, आणि तेवढा मोठा मारुती ट्रकवरून आला. आम्ही गाडीतूनच नमस्कार केला होता.

भारतीय एवढे इथे का, याचं उत्तर सोपं आहे, क्रेडिट कार्ड. तुमच्या अमेरिकन कार्डाचं पत्र येतं त्या लिफाफ्यावर परतीचा पत्ता बघा, विल्मिंग्टन असायची शक्यता बरीच आहे.

कालव्यालगत

अगदी. १९८१ चा कायदा. गव्हर्नर होते पीट ड्यू पाँट (हो, त्याच घराण्यातले), त्यांच्या काळात बँकांना व्याजदराची मर्यादा काढून टाकली आणि कर कमी केला, झालं, न्यूयॉर्कच्या बँकांनी कार्डाचा धंदा इकडे हलवला. त्याआधी दीडशे-पावणेदोनशे वर्षं हे राज्य म्हणजे ड्यू पाँट कंपनी. १८०२ ला ब्रँडीवाइन नदीकाठी बंदुकीच्या दारूचा कारखाना, मग रसायनं, मग नायलॉन (१९३९ ला ससेक्समधल्या सीफर्डला पहिला कारखाना). तेव्हा केमिस्ट आणि इंजिनियर यायचे, त्यात भारतीय पण होते, हॉकेसिनमधले जुने काका-काकू बरेचसे त्या पिढीतले. नंतर बँका आल्या आणि आमच्यासारखे हमाल आले.

इतिहासाचा_चष्मा

शीर्षकात कालवा, आयडीत कालवा, पण वाचकांना सांगितलं नाहीत कुठला. चेसापीक आणि डेलावेअर खाडी जोडणारा, १८२९ ला खुला झालेला. इथे पत्ता विचारताना "कालव्याच्या वर की खाली?" असं विचारतात. वरचे लोक खालच्यांना 'स्लोअर लोअर' म्हणतात, म्हणजे खालचे आणि निवांत. खालच्यांनी ते मनावर न घेता गाड्यांवर स्टिकर लावले.

आता लोकसंख्येचा इतिहास. १९२० ला राज्यात २,२३,००३ माणसं, त्यातली १,१०,१६८ एकट्या विल्मिंग्टनमध्ये. अर्धं राज्य एका शहरात! आणि विधानसभेत त्या शहराचे आमदार किती, तर पस्तीसपैकी पाच. १८९७ च्या राज्यघटनेने केंटला दहा, ससेक्सला दहा, न्यू कॅसलच्या ग्रामीण भागाला दहा आणि विल्मिंग्टनला पाच असं वाटप करून टाकलं होतं, माणसं कितीही वाढोत. हे १९६४ पर्यंत चाललं, शेवटी सुप्रीम कोर्टाने मोडीत काढलं. म्हणजे साठ-सत्तर वर्षं शेतं मतदान करत होती असं म्हणा.

आणि ज्या वर्षी शहराला न्याय मिळाला तोवर शहर रिकामं व्हायला लागलं होतं. १९४० ला १,१२,५०४, २०२० ला ७०,८९८. मधे काय झालं? आय-९५ हायवे शहराच्या मधून काढला, वस्त्या पाडल्या. गोरे उपनगरात गेले. १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर दंगल झाली, नॅशनल गार्ड (राज्याचे राखीव सैनिक) बोलावले, आणि ते नऊ महिने रस्त्यावर राहिले. दंगल काही दिवसांत संपली होती, बंदूकवाले मात्र जानेवारी १९६९ ला नवीन गव्हर्नर आले तेव्हा परत गेले. आज विल्मिंग्टनमध्ये निम्म्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय आहेत, आणि दिवसा बँकांच्या काचेच्या इमारतींत येणारे संध्याकाळी पाचला गाडी काढून कालव्याकडे निघतात. धागाकर्त्यांसकट.

कालव्यालगत

@इतिहासाचा_चष्मा, लागलं ते. पण खोटं नाही.

भोचक

एक बाळबोध प्रश्न. हे उत्तरेतलं राज्य ना? मग कृष्णवर्णीय बावीस टक्के कसे? शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तर एवढे नाहीत.

इतिहासाचा_चष्मा

बाळबोध नाही, हाच खरा प्रश्न आहे. हे राज्य उत्तर आणि दक्षिण यांच्या उंबऱ्यावर बसलेलं. गुलामगिरी इथे कायदेशीर होती, पण यादवी युद्धात राज्य उत्तरेच्या बाजूला राहिलं. १८६० ची जनगणना बघा: एकूण १,१२,२१६, त्यात गुलाम १,७९८ आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय १९,८२९. म्हणजे तेव्हाच जवळपास एकोणीस टक्के, आणि त्यातले बहुतेक स्वतंत्र. इतकं असूनही गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती या राज्याने मंजूर केली ती १९०१ मध्ये. देशाची घटना मात्र सगळ्यात आधी, ७ डिसेंबर १७८७ ला. नंबरप्लेटवर 'पहिलं राज्य' म्हणून मिरवतात ते त्याचं. दुसरी तारीख कुठल्या प्लेटवर नाही.

आणि @लेकुरवाळी ज्या हॉकेसिनच्या देवळाला जातात, त्याच गावात कृष्णवर्णीय मुलांची वेगळी शाळा होती, क्रमांक १०७. गोऱ्यांच्या मुलांना बस मिळायची, यांना नाही. एका आईने साधी बस मागितली, तिथून खटला सुरू झाला आणि १९५४ ला सुप्रीम कोर्टाने वर्णानुसार वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या त्या प्रसिद्ध निकालात हा खटला पण जोडलेला होता. शाळेची विटांची छोटी इमारत अजून आहे.

लेकुरवाळी

मी तिच्यासमोरून आठवड्यातून दोनदा जाते आणि मला माहीत नव्हतं. या रविवारी मुलीला घेऊन जाणार.

कोंबडीवडे

आयडीला जागून खालच्या भागाबद्दल मी लिहितो. ससेक्स म्हणजे फक्त पेन्शनर नव्हे बाबांनो. समुद्रापासून वीस मैल आत या, हवेत वास येतो आणि लांबच लांब पत्र्याच्या शेड दिसतात. कोंबड्या. १९२३ ला ओशन व्ह्यू गावात सीसील स्टील नावाच्या बाईंनी अंड्यांसाठी पन्नास पिल्लं मागवली, चुकून पाचशे आली. परत पाठवायच्या ऐवजी वाढवली आणि खाण्यासाठी विकली, पैसे चांगले मिळाले, दुसऱ्या वर्षी हजार. अमेरिकेतला ब्रॉयलरचा धंदा तिथून सुरू झाला असं मानतात. एका ऑर्डरच्या चुकीवर जिल्हा उभा राहिला.

आता या कोंबड्या कापायला माणसं लागतात, आणि ते काम करायला स्थानिक फार तयार नव्हते. १९९० च्या दशकात ग्वाटेमालाहून लोक यायला लागले. जॉर्जटाऊन, ससेक्सचं जिल्ह्याचं ठिकाण, सात हजार वस्ती, त्यात आज निम्म्याच्या आसपास लॅटिनो आहेत. गावातल्या कोर्टाभोवतीच्या गोल चौकात जुन्या विटांच्या इमारती आणि एक गल्ली सोडून सगळ्या पाट्या स्पॅनिशमध्ये. कित्येकांची तर मूळ भाषा स्पॅनिश पण नाही, माया कुळातल्या भाषा बोलतात घरात. सीफर्ड-लॉरेलकडे हैतीचे लोक आहेत. मी एका गोदामाच्या कामाला तिथे दीड वर्ष होतो, सकाळी पाचला शिफ्ट सुटायची तेव्हा रस्त्यावर एकही म्हातारा गोरा माणूस दिसायचा नाही आणि सकाळी दहाला किनाऱ्याकडच्या कॉफीच्या दुकानात एकही तरुण लॅटिनो दिसायचा नाही, काउंटरच्या आतला सोडून. एकच जिल्हा, मधे वीस मैल.

अवांतर: याच जॉर्जटाऊनमध्ये निवडणुकीनंतर दोन दिवसांनी जिंकलेला आणि हरलेला उमेदवार एकाच बग्गीत बसून मिरवतात आणि खरोखरची कुऱ्हाड वाळूत पुरतात, म्हणजे भांडण मिटलं. आपल्याकडे ही प्रथा आणली तर कुऱ्हाड पुरेपर्यंत कोण थांबेल.

माजी_जर्सीकर

धागा दोन दिवस वाचतोय, आता राहवत नाही म्हणून लिहितो. वर ज्या "पांढऱ्या केसांच्या" लोकांचा उल्लेख आला त्यातले आम्ही दोघं. वय वर्षं ६९ आणि ६६. एकतीस वर्षं एडिसनला काढली, घर विकलं, ससेक्सच्या किनाऱ्यावर लुईस गावाच्या बाहेर पंचावन्नच्या वरच्यांच्या वसाहतीत घेतलं.

का आलो ते सरळ सांगतो. जर्सीत घरपट्टी जेवढी तिमाहीला भरायचो त्याच्याहून कमी इथे वर्षाला भरली. विक्रीकर नाही, म्हणजे पाटीवरची किंमत तीच बिलात. सोशल सिक्युरिटीवर राज्याचा कर नाही, साठीनंतर पेन्शनमधले साडेबारा हजार डॉलर पण माफ. समुद्र दहा मिनिटांवर. मुलगा बाल्टिमोरला, मुलगी फिलाडेल्फियाला, दोघांना दोन-अडीच तास. आमच्या वसाहतीत कुणालाही विचारा, जर्सी, न्यूयॉर्क, मेरीलँड, पेनसिल्व्हेनिया. इथेच जन्मलेला माणूस मला पहिल्यांदा भेटला तो गटार साफ करायला आलेला.

आता दुसरी बाजू. आल्यावर नेहमीचा डॉक्टर शोधायला लागलो. पहिल्या ठिकाणी सांगितलं नवीन पेशंट घेत नाही. दुसऱ्या ठिकाणी तेच. तिसरीकडे तारीख मिळाली, आठ महिन्यांनंतरची! हिला मधुमेह आहे, आठ महिने थांबायचं म्हणजे काय? अजून जर्सीच्या जुन्या डॉक्टरकडे जातो आम्ही, साडेतीन तास गाडी चालवून. माझ्या वयाचे चाळीस हजार जण दहा वर्षांत आले म्हटल्यावर दुसरं काय होणार, आणि मी त्यातलाच एक, तर तक्रार तरी कुणाकडे करू.

आकडेमोड

काका, चाळीस हजार ही जिल्ह्याची एकूण वाढ, सगळे तुमच्या वयाचे नाहीत. पण मुद्दा बरोबर. शिवाय राज्याला स्वतःचं मेडिकल कॉलेज कधीच नव्हतं, म्हणून १९७० पासून फिलाडेल्फियाच्या जेफरसन विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात इथल्या मुलांसाठी जागा राखून ठेवतात. शिकायला बाहेर गेलेली पोरं परत येतील आणि त्यातही कालव्याच्या खाली येतील, हे किती धरायचं?

आणि घरपट्टीचं. तुम्हाला स्वस्त पडली त्यामागे एक गंमत होती. ससेक्समध्ये घरांचं सरकारी मूल्यांकन १९७४ नंतर झालेलंच नव्हतं. न्यू कॅसलमध्ये १९८३ नंतर, केंटमध्ये १९८७ नंतर. शाळांच्या पैशांवरून खटला झाला, कोर्टाने २०२० ला सांगितलं हे चालणार नाही, मग आत्ता नव्याने मूल्यांकन झालं. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या भावाने पट्टी भरायचे दिवस गेले.

माजी_जर्सीकर

हो, आलं नवीन बिल. वाढलंय, तरी जर्सीच्या पासंगाला नाही. शेजारी मात्र सभेत जाऊन ओरडून आला, "आम्हाला मुलं नाहीत शाळेत, आम्ही का भरायचं?" मी त्याला विचारलं, तुझं बीपी तपासायला येणारी नर्स कुठल्या शाळेत शिकली? तेव्हापासून बोलत नाही.

भोचक

काका रॉक्स.

पण मला अजून कळत नाहीये की दहा लाखांच्या राज्यावर एवढं लिहायचं काय. आमच्या पिंपरी-चिंचवडात याच्याहून जास्त लोक आहेत.

कालव्यालगत

@भोचक, आहेतच. पण पिंपरी-चिंचवडला राज्यसभेत दोन खास जागा नाहीत ना! डेलावेअरला सिनेटमध्ये कॅलिफोर्नियाएवढेच दोन. आणि गंमत म्हणजे खालच्या सभागृहात उलटं आहे, तिथे आम्हीच नाडलेले. अख्ख्या राज्याला एकच खासदार, १८२३ पासून. २०२० च्या आकड्यांवर बघा, वायोमिंगमध्ये ५,७६,८५१ माणसांना एक खासदार, आम्हाला ९,८९,९४८ माणसांना एक, आणि ऱ्होड आयलंडला १०,९७,३७९ माणसांना दोन. त्यांच्याकडे लाखभर माणसं जास्त तर जागा दुप्पट. देशातला सगळ्यात जास्त माणसांचा लोकसभा मतदारसंघ म्हणजे आमचं हे इवलंसं राज्य.

त्यामुळे काकांसारखे अजून येऊ देत, २०३० ला कदाचित दुसरी जागा मिळेल.

आकडेमोड

२०३० ला मिळेल असं वाटत नाही. जागा ४३५ च आहेत, टेक्सास-फ्लोरिडा आमच्याहून जोरात पळतायत. नुसतं वाढून भागत नाही, बाकीच्यांपेक्षा जास्त वाढावं लागतं.

कुडाळकर

धाग्यात आमच्या जिल्ह्याचं नाव दिसलं म्हणून आलो. मामा कुठले हो, कुडाळ शहर की पिंगुळी बाजू?

सिंधुदुर्गाची जनगणना सांगतो. २००१ ला ८,६८,८२५, २०११ ला ८,४९,६५१. कमी झाली. रत्नागिरी पण कमी झाली. सगळं राज्य वाढत असताना आम्ही दोघे घटलो. तुमच्या ससेक्समध्ये पण जन्मापेक्षा मृत्यू जास्त म्हणताय, पण तिकडे म्हातारे बाहेरून येतात आणि आकडा वाढतो. आमच्याकडे तरुण मुंबईला जातात, म्हातारे राहतात आणि आकडा घटतो. फिरून दोन्हीकडे गावात म्हातारेच. फरक एवढाच की तुमचे म्हातारे पैसे घेऊन येतात आणि आमचे मनीऑर्डरची, म्हणजे आता फोनपेची, वाट बघतात. डॉक्टरची बोंब मात्र सेम टू सेम. मोठ्या आजाराला आमचे लोक गोव्याला बांबोळीला धावतात, तसे काका जर्सीला.

कोंबडीवडे

@कुडाळकर, +१. आणि गोव्याची तुलना पण बसते बघा. ३,७०२ चौ. किमी, २०११ ला साडेचौदा लाख. आकाराने डेलावेअरहून लहान, माणसं जास्त, समुद्र, बाहेरून येऊन घरं घेणारे, आणि "मूळचा कोण" यावर रोज वाद. ससेक्समध्ये पण चालतो हा वाद, फक्त मूळचे म्हणवणारे स्वतः तिसऱ्या-चौथ्या पिढीचे. खरे मूळचे मिल्सबरोला आहेत, नँटिकोक लोक, दर सप्टेंबरला त्यांचा नाचगाण्याचा मेळा असतो. आणि लेनापे लोक चेझवोल्डला. जनगणनेच्या तक्त्यात त्यांची ओळ इतकी खाली असते की स्क्रोल करेपर्यंत माणूस कंटाळतो.

लेकुरवाळी

मला एक शंका आहे. मिडलटाऊनला घर घ्यायचा विचार चालू आहे, कालव्याच्या थोडं खाली येतं. २००० साली सहा हजारांचं गाव होतं, २०१० ला जवळपास एकोणीस हजार झालं, अजून वाढतंय. शाळा नवीन आहेत पण रस्ते शेतातलेच. तिथले कोणी आहे का इथे? नवरा म्हणतो पुलावरचा टोल रोज कोण भरणार.

कालव्यालगत

मिडलटाऊन मस्त आहे, आमचे दोन मित्र गेले. सकाळी रूट १ वर उत्तरेकडे रांग, हे धरूनच चला. पूल मात्र बघण्यासारखा, पिवळ्या तारांचा. बाय द वे, त्या पुलाला ज्यांचं नाव दिलंय ते सिनेटर रॉथ म्हणजे आपल्या रॉथ आयआरएचे रॉथ. डेलावेअरचेच. म्हणजे रिटायरमेंटचे पैसे साठवायची सोय पण यांनी केली आणि ते पैसे घेऊन खाली जायला पूल पण यांच्या नावाचा.

@कुडाळकर, मामा पिंगुळीचे. तुम्ही ओळखत असणारच, पण इथे नाव लिहीत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

माजी_जर्सीकर

एक विचारायचं राहिलं. कालव्याच्या खाली कुणी मराठी आहे का? आमच्या वसाहतीत साडेतीनशे घरं, भारतीय पाच, मराठी आम्ही दोघंच. रिहोबथच्या बाजूला एक जोशी दांपत्य आहे असं ऐकून होतो, भेटलो तर ते मंगळुरूचे निघाले, कोंकणी बोलतात. तरी ही खूश, निदान घावन म्हटल्यावर समजतं त्यांना. एडिसनला होतो तेव्हा गणपतीत कुठल्या मंडळात जायचं यावरून भांडणं व्हायची, इथे आरतीला टाळ्या वाजवायला चार हात.

लेकुरवाळी

काका, गणपतीला वर या ना! आम्ही पाच-सहा मराठी घरं मिळून दीड दिवसाचा बसवतो, या वर्षी आमच्याकडे आहे. लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाला की रूट १ रिकामा असतो, दीड तासात पोचाल. काकूंना चालेल असे बिनसाखरेचे मोदक मी करते.

माजी_जर्सीकर

येतो. ही म्हणते मोदक ती घेऊन येईल, तिच्या हातचे, आणि साखरेचं तिचं ती बघेल. तुम्ही फक्त पत्ता व्यनि करा आणि नारळ ताजा कुठे मिळतो तेवढं सांगा, कारण इथल्या दुकानात मिळतो तो हलवला तर आतून काही आवाजच येत नाही.